सराई आणि स्टेडियम

सुरत महानगरपालिकेचं मुख्य कार्यालय मुगलीसरा भागात ज्या इमारतीत आहे, ती मुळात मुसाफिरखाना होती. शाहजहानच्या अमदानीत, १६४४ साली, हकीकत खानाने ती बांधली. हजला निघालेले यात्रेकरू गलबत सुटेपर्यंत तिथे उतरत. पुढे काही काळ तिथे तुरुंग होता आणि १८६७ पासून नगरपालिकेचा कारभार. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा ही इमारत वीस वर्षांची होती. सुरत म्हटली की मराठी वाचकाला तीच एक तारीख आठवते, म्हणून हे आपलं सांगून ठेवलं.

बाहेरगावच्या माणसाने आपल्या शहरात यावं, दोन रात्री राहावं, चार पैसे खर्चावेत, यासाठी पालिकेने क्रीडासंकुल बांधावं का? हा प्रश्न ज्या संस्थेपुढे येतो तिचं बिऱ्हाड सराईत असावं, ही गंमतच. पण त्या सराईकडे नीट पाहिलं तर प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच सापडतं. हकीकत खानाने इमारत बांधली म्हणून यात्रेकरू सुरतेला आले नाहीत. मक्केची वाट तापीच्या मुखातून जात होती, माणसं येतच होती, त्यांच्या डोक्यावर छप्पर हवं होतं. आधी पाहुणा, मग ओसरी. आजचा युक्तिवाद बरोबर उलट्या टोकाने सुरू होतो: ओसरी मोठी बांधा, पाहुणे आपोआप येतील.

हा युक्तिवाद पुढच्या काही वर्षांत गुजरातेत वारंवार ऐकू येणार. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत. राजधानीच्या शेजारी एवढा मोठा मांडव पडल्यावर सुरत, बडोदा, राजकोट यांना आपल्या वाट्याला काय येईल याचे वेध लागणं स्वाभाविकच आहे. सुरतेजवळ तर सांगण्यासारखा पुरावाही आहे. २०२२ मध्ये ३६वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गुजरातच्या सहा शहरांत झाली. टेबल टेनिस आणि बॅडमिंटन सुरतेत, पालिकेच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय इनडोअर स्टेडियममध्ये झालं. बीच व्हॉलीबॉल आणि बीच हँडबॉलसाठी डुमसचा किनारा होता. १२ ऑक्टोबरचा समारोपाचा सोहळाही अठवा लाइन्सवरच्या याच स्टेडियममध्ये झाला. पालिकेने हॉल बांधला, देशभरचे खेळाडू आले. आणखी काय सिद्ध करायचं राहिलं?

राहिलं ते असं. ही स्पर्धा मुळात गोव्यात व्हायची होती. ती वर्षानुवर्षं पुढे ढकलली गेली आणि शेवटी गुजरातने २०२२ च्या पावसाळ्यात ती अंगावर घेतली तेव्हा हातात जेमतेम तीन महिने होते. तीन महिन्यांत स्टेडियम उभं राहत नाही, रंग मारून होतो. म्हणजे स्पर्धा तिथे गेली जिथे हॉल आधीपासून उभा होता आणि वापरात होता. सात हजारांच्या आसपास बैठक असलेलं हे स्टेडियम गावकऱ्यांसाठी बांधलेलं होतं. हरमीत देसाई आणि मानव ठक्कर हे सुरतेचे दोन टेबल टेनिसपटू २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारताच्या तीन जणांच्या पुरुष संघात होते. ज्या शहरातून तीनपैकी दोन खेळाडू निघतात, तिथे राष्ट्रीय स्पर्धेतलं टेबल टेनिस जावं, यात नवल नाही. इथेही माणसं आधी आहेत. सोहळा त्यांच्या मागोमाग आला.

गोव्याचं उदाहरण आपल्याला अधिक जवळचं. २०१४ च्या जानेवारीत तिथे लुसोफोनी खेळ झाले, पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांची ही स्पर्धा. राष्ट्रीय स्पर्धाही अखेर २०२३ मध्ये तिथे झाल्या. ताळगाव, पेडे, नावेली इथली इनडोअर स्टेडियमं अशाच निमित्तांनी उभी राहिली. पर्यटकांची ददात नसलेलं राज्य, आणि मोपा-दाबोळीच्या विमानतळांवर रोज उतरणाऱ्या त्या माणसांना विचारा ताळगावचं स्टेडियम कुठे आहे. ताळगावच्या मुलांना मात्र ते ठाऊक असतं, आणि ते ठाऊक असणं पुरेसं आहे.

आता पैशाकडे येऊ, कारण चिंतनाच्या नावाखाली हिशेब टाळणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

पर्यटक शहरात येतो तेव्हा त्याचा पैसा कुठे जातो? खोलीचं भाडं, जेवण, रिक्षा, दोन साड्या. यातल्या बहुतेक खर्चावर वस्तू आणि सेवा कर लागतो आणि तो केंद्र व राज्याच्या तिजोरीत जमा होतो. पालिकेला त्यातून थेट काही मिळत नाही. तिला हॉटेलचा मालमत्ता कर मिळतो, पण तो खोली भरलेली असो वा रिकामी, सारखाच. जकात होती तेव्हाची गोष्ट वेगळी होती. पाहुण्याच्या ताटातला तांदूळ आणि त्याच्या अंगावरचा साबण, दोन्ही जकातनाका ओलांडून आलेले असत. शहरात माणसं वाढली, खप वाढला, की पालिकेची पेटी वाजायची. गुजरातेत महानगरपालिकांची जकात २००७ मध्ये उठली, महाराष्ट्रात टप्प्याटप्प्याने, मुंबईची अगदी शेवटी २०१७ मध्ये. त्या जागी राज्याकडून अनुदान येतं. तेव्हा पालिकेने पर्यटनासाठी शंभर रुपये घातले तर परतावा आधी दिल्ली-गांधीनगरला जातो आणि तिथून काय खाली झिरपेल ते झिरपेल. ज्याला नफा मिळणार त्याने गुंतवणूक करावी, हे सुरतेच्या कापड बाजारातल्या कुठल्याही गुमास्त्याला समजवावं लागत नाही. शेठच्या गादीवर बसून तो रोज हेच करतो. पालिकेच्या अंदाजपत्रकात मात्र हा साधा व्यवहार नजरेआड होतो.

घटनेची साक्षही काढता येईल. ७४व्या दुरुस्तीने बारावी अनुसूची आली. शहरी स्थानिक संस्थांकडे सोपवण्याचे अठरा विषय तिच्यात आहेत. पाणी, रस्ते, आग विझवणं, झोपडपट्टी सुधारणा, स्मशानं, कोंडवाडे, कत्तलखानेसुद्धा. उद्यानं आणि क्रीडांगणं आहेत, स्पष्ट शब्दांत आहेत. पर्यटन नाही. यादी करणाऱ्यांनी हे फार खोल विचार करून केलं असेल असा माझा दावा नाही. सरकारी याद्या कशा होतात ते आपण जाणतो. तरी मैदान हे नागरिकाचं आणि पर्यटन हे राज्याचं, ही वाटणी अपघाताने का होईना, शहाणपणाची झाली आहे.

खर्च पालिकेचा आणि परतावा राज्याचा, हा एक भाग. दुसरा भाग अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या स्टेडियमांवर कित्येक वर्षं घासून पाहिलेला आहे. रॉजर नोल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट यांनी १९९७ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात अशा बांधकामांचा हिशेब मांडला गेला आणि निष्कर्ष निघाला की स्थानिक अर्थव्यवस्थेला त्यांतून म्हणण्यासारखी भर पडत नाही. कारण साधं आहे. सामन्याला येणाऱ्यांत बहुतेक लोक गावातलेच असतात, आणि त्यांनी तिकिटावर खर्चलेला पैसा नाहीतरी गावातच खर्च झाला असता. सुरतेत तर हे डोळ्यांनी दिसतं. रविवारी संध्याकाळी अख्खं शहर खायला बाहेर पडतं. डुमस रोडच्या कडेला गाड्या लागतात, लोचो, खमण, थंडीत पोंक. हे कुटुंब एखाद्या रविवारी स्टेडियमवर गेलं तर डुमस रोडवरच्या गाडीवाल्याचं एक गिऱ्हाईक कमी झालं. शहराची एकूण बेरीज तीच. २०२२ ची ती राष्ट्रीय स्पर्धा चालू असतानाच, समारोपाच्या दोन दिवस आधी, चंदी पडवो होता. शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरतकर रस्त्यावर बैठका मारून घारी खातात. त्या सणासाठी कोणी कधी निविदा काढलेली नाही.

जगातले दोन दाखले नेहमी समोरासमोर ठेवले जातात. माँट्रियल शहराने १९७६ च्या ऑलिम्पिकसाठी काढलेलं कर्ज २००६ पर्यंत फिटत होतं, त्यासाठी सिगरेटवर खास कर बसवावा लागला, आणि कर्ज फिटायच्या आधीच त्या स्टेडियमवरचा बेसबॉल संघ गाव सोडून गेला होता. उलट बाजूला बार्सिलोना, १९९२. तिथे खरंच पर्यटक वाढले. पण बार्सिलोनाचं मुख्य स्टेडियम १९२९ चं होतं, ते डागडुजी करून वापरलं. पैसा गेला तो रस्त्यांवर आणि कारखाने-रुळांनी अडवलेला समुद्रकिनारा मोकळा करण्यावर. तिथे जाणारा प्रवासी किनाऱ्यासाठी आणि गौदीच्या इमारतींसाठी जातो. स्टेडियमच्या बाजूने हा दाखला देणारे बहुधा बार्सिलोनाला गेलेले असतात, पण स्टेडियमवर गेलेले नसतात.

आपल्या घरचा दाखला बालेवाडीचा. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी पुण्याबाहेर, शेतांमध्ये, श्री शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली. पैसा राज्याचा, पालिकेचा नव्हे, हे मान्य. २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धा तिथेच झाल्या. क्रीडा प्रबोधिनीची मुलं तिथे राहिली, घडली, याचं मोल कमी नाही. पण बालेवाडी बघायला म्हणून पुण्याला आलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. या क्रीडानगरीने खरा बदल केला तो जमिनीच्या भावात. आज तिच्या भोवती बाणेर-बालेवाडीचे मनोरे आहेत, आणि सदनिका विकणाऱ्यांच्या जाहिरातींत 'स्टेडियमजवळ' हा शब्द असतो. पर्यटनाच्या नावाने मांडलेल्या अनेक प्रस्तावांच्या पोटात जमिनीचा प्रस्ताव लपलेला असतो. तो वाईटच असतो असं नाही, पण तो त्याच नावाने सभागृहात यावा एवढी अपेक्षा चुकीची नाही. आणि संकुल कोणाचं, हा प्रश्न सुटलेला नसला की काय होतं, तेही बालेवाडीने दाखवलं. २०२१ मध्ये बैठकीला आलेल्या नेत्यांच्या मोटारी थेट धावण्याच्या सिंथेटिक ट्रॅकवर चढल्या. बोभाटा झाला, दिलगिरी व्यक्त झाली. पण ज्या ट्रॅकवर पहाटे पाच वाजता पन्नास पोरं धावत असतात, तिथे मोटार घालायचं कोणाच्याही मनात येत नाही.

याच्या विरुद्ध एक दाखला मात्र मला छळतो, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक होईल. कोल्हापूरचं खासबाग. शाहू महाराज १९०२ मध्ये एडवर्ड बादशहाच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. १९१२ मध्ये खासबाग मैदान पुरं झालं. जमीन खोल खणून केलेला वाडगा, मध्ये हौदा, चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक, कुठेही बसा, लंगोटाची गाठसुद्धा दिसते. हजारोंनी माणसं बाहेरगावाहून येत, बैलगाड्या लावून राहत. हे क्रीडा पर्यटनच होतं, आणि राज्याच्या पैशाने झालेलं होतं. मग माझा मुद्दा पडतो का?

मला वाटतं, उलट तो इथेच उभा राहतो. खासबाग बांधण्याआधी कोल्हापुरात तालमी होत्या. पेठापेठांतून लाल माती मळली जात होती, आणि महाराज देशोदेशीचे मल्ल पदरी बाळगून त्यांना खुराक देत होते. मोतीबाग, गंगावेश ही नावं आजही पैलवानाच्या तोंडी आहेत. मैदान हा त्या सगळ्याचा कळस होता. कळस आधी बांधून खाली देऊळ रचायचा घाट शाहूंनी घातला नाही. आणि आजही कुस्तीचा जोर ओसरला तर खासबागेत गवत वाढतं, तालमी भरलेल्या असल्या तर मैदान भरतं. इमारतीची शक्ती तेवढीच.

सुरतेच्या तालमी कुठे आहेत? याचं उत्तर डुमसच्या बाजूला सापडत नाही, उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत सापडतं. तापी खोऱ्याच्या रेल्वेने धुळे, नंदुरबार, जळगावची माणसं तीन-चार पिढ्या इथे येत राहिली. संध्याकाळी लिंबायतच्या गल्लीत अहिराणी कानावर पडते, पालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. ओडिशाच्या गंजामची माणसं आहेत. वराछाकडे सौराष्ट्रातून आलेले, घंटीवर हिरा घासणारे रत्नकलाकार आहेत. सुरत हे मुळातच बाहेरून आलेल्यांचं शहर आहे, पण ही माणसं दोन रात्रींसाठी आलेली नाहीत. यंत्रमागांच्या संचाखात्यात बारा बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. तिथून सुटलेला अठरा वर्षांचा मुलगा खेळायला कुठे जातो? दोन इमारतींमधल्या मोकळ्या पट्टीत टेनिस बॉलचं क्रिकेट, तेही तिथे टेम्पो लागेपर्यंत. दिवाळीत हिरे कारखान्यांना मोठी सुट्टी पडली की अर्धं वराछा सौराष्ट्रात जातं आणि खान्देशच्या गाड्या दारापर्यंत भरतात. ज्या शहराचे रहिवासीच सुट्टी मिळाली की गाव गाठतात, त्याने पाहुण्यांसाठी रोषणाई करण्याआधी या रिकामं होण्याचा विचार करावा.

१९९४ च्या सप्टेंबरमध्ये प्लेगच्या बातमीने हे शहर एकदा असंच रिकामं झालं होतं, भीतीने. लाखो लोक मिळेल त्या गाडीने पळाले. त्यानंतर १९९५ ते ९७ या काळात आयुक्त एस. आर. राव यांनी गटारं, कचरा, अतिक्रमणं यांवर पालिकेची ताकद लावली. त्यात पर्यटनाचा विचार नव्हता. पण हिऱ्याचा परदेशी खरेदीदार, कापडाचा दिल्लीचा व्यापारी पुन्हा सुरतेत उतरायला लागला तो या गटारांच्या जोरावर. स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये सुरत इंदूरच्या बरोबरीने देशात पहिली आली. माणसं शहराला भेट देतात ती तिथे राहणाऱ्यांचं बरं चाललं आहे म्हणून, हे सुरतेने स्वतः करून दाखवलं आहे. ते तिला दुसऱ्याने का शिकवावं?

क्रीडा पर्यटन म्हणून जे खरोखर असतं, तेही एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. ज्युनियर टेबल टेनिसची एखादी राज्य मानांकन स्पर्धा घ्या. एका हॉलमध्ये वीस-बावीस टेबलं मांडलेली, सगळ्यांवर एकदम टक-टक. पोरांच्या पाठीवर सेफ्टी पिनांनी टोचलेले नंबर. माइकवरून पुकारा, "टेबल नंबर नऊ". गॅलरीत आईबाप, पायाशी डब्याची पिशवी, एक जण बायकोला फोनवर दर गुणाला स्कोअर सांगतो. पंखे बंद, कारण वाऱ्याने चेंडू हलतो, आणि वातानुकूलन असलं तर त्याचा झोतही टेबलावर येता कामा नये. पहिल्या फेरीत हरलेलं पोर भिंतीकडे तोंड करून बसलेलं. हे लोक तीन दिवस शहरात राहतात, लॉजवर, नातेवाइकाकडे. त्यांना सात हजार खुर्च्या नको असतात. टेबलं जास्त हवीत, स्वच्छ संडास हवेत आणि हॉलपासून चालत जाण्याच्या अंतरावर नाश्ता हवा. एका टेबलाला, खेळाडूच्या हालचालीसकट, चौदा बाय सात मीटर जागा लागते. तेव्हा जिथे एक प्रेक्षक-गॅलरी बसते तिथे किती टेबलं बसतील, याचं गणित नकाशा काढणाऱ्याने करावं. पर्यटनाच्या बाजूनेसुद्धा उत्तर खुर्च्यांच्या विरोधातच जातं.

मोठा सामना आणायचा तर त्याची जोखीमही असते. २०१९ मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्या महिला संघांची टी-ट्वेंटी मालिका सुरतेच्या लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियमवर झाली. पंधरा वर्षांच्या शफाली वर्माने तिथेच पदार्पण केलं. लांबलेल्या पावसाने दोन सामने एकही चेंडू न पडता गेले, आणि मालिकेत एक सामना वाढवावा लागला. ते मैदान जिल्हा क्रिकेट संघटनेचं होतं, पालिकेचं नव्हतं. पावसाचा खर्च संघटनेने सोसला असेल. करदात्याला त्या दोन दिवसांबद्दल काही विचारावं लागलं नाही.

प्रतिष्ठेची बाजू उरते, आणि तिला मी हसत नाही. शहराला आपण काही आहोत असं वाटायला एखादी मोठी वास्तू लागते. खजोदला हिऱ्याच्या व्यापाऱ्यांनी स्वतःच्या पैशाने सत्तर लाख चौरस फुटांच्या आतबाहेर बोर्स बांधलं, २०२३ च्या डिसेंबरमध्ये त्याचं उद्घाटन झालं. प्रतिष्ठेवर कोणी खर्च करावा याचा तो एक चांगला नमुना आहे. ज्यांना मिरवायचं त्यांनी वर्गणी काढली.

मी पालिकेच्या सभागृहात सदस्य असतो आणि असा क्रीडासंकुलाचा प्रस्ताव आला असता, तर त्याला विरोध केला नसता. त्यातला पर्यटनाचा परिच्छेद तेवढा काढायला सांगितला असता. मग नकाशा आपोआप बदलत गेला असता. जागा डुमस रोडवरून उधना-लिंबायतकडे सरकली असती. गॅलरी सात हजारांवरून तीनशेवर आली असती. व्हीआयपी दालनाच्या जागी कपडे बदलायच्या खोल्या आल्या असत्या, मुलींच्या वेगळ्या. भांडवली खर्च निम्मा झाला असता आणि वाचलेल्यातून प्रशिक्षकांचे पगार महसुली बाजूला लावता आले असते. हा सगळ्यात कठीण भाग आहे, कारण पगाराच्या फिती कापता येत नाहीत. वेळ पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत, म्हणजे संचाखात्यातल्या दोन्ही पाळ्यांना सुटल्यावर दार उघडं मिळेल. फी महिन्याला एका थाळीच्या किमतीइतकी. एवढं करून एखाद्या वर्षी लिंबायतच्या त्या हॉलमध्ये राज्य मानांकन स्पर्धा भरली, तर राजकोट-भावनगरचे आईबाप रिंग रोडच्या लॉजमध्ये दोन रात्री उतरतील. त्यांना पर्यटनात मोजायचं की नाही, हे पालिकेच्या जनसंपर्क खात्याने ठरवावं.